मालेनाची कबर कुठे गेली

ऑर्व्हिल बोटीतून उतरला तो जुन्या नॉर्वेजियन थाटाचा, लोकरीचा जाडजूड कोट चढवून. चांदीची बटणं, गुडघ्याखाली बांधलेली विजार, आणि जूनच्या उन्हात घामाच्या धारा. धक्क्यावर न्यायला आलेली ओडनी मनात म्हणाली, हा पाहुणा आलाय की नवरदेव?

दोघांचे आजोबा सख्खे भाऊ. ऑर्व्हिलचा आजोबा एलिंग अमेरिकेला गेला. ओडनीचा आजोबा पेडर आईपाशी, इथेच हेस्टवोगला राहिला. ओडनीचा सारा जन्म या बेटावर गेला. मासळीच्या कारखान्यात सुरी चालवता चालवता केस पिकले, बोटं वाकडी झाली. ऑर्व्हिल पहिल्यांदाच येत होता. बोलायचा नॉर्वेजियनच, पण इतकी जुनी की तशी बोलणारा गावातला शेवटचा म्हातारा ओडनीच्या लहानपणीच गेला होता.

शुक्रवार होता. शुक्रवारी घरोघरी असतात तसे तिनेही टाको केले.

"हे गं काय?" मक्याचा कुरकुरीत पापड उलटापालटा करत ऑर्व्हिल म्हणाला. "हे तर आमच्याकडे मेक्सिकन खातात! भिजवलेला सुका मासा नाही केलास?"

"जूनमध्ये? अरे, तो नाताळच्या आधी. आणि तोही आता हौसेपुरताच."

"आमच्या चर्चमध्ये त्याच्या पंगती उठतात." त्याने टेबलापलीकडे बसलेल्या ओडनीच्या लेकीकडे मोर्चा वळवला. "तुझं लग्न कधी झालं, बाळ?"

"नाही झालं," ती मुलाच्या तोंडात घास घालत म्हणाली. "दोन पोरं आहेत, घर आहे. काय अडलंय?"

ऑर्व्हिलची बायको डार्लिन खाली मान घालून खिमा वाढून घेत राहिली. ऑर्व्हिलने मात्र ताट सरकवलं. "लग्न नाही, देवळात माणूस नाही, पाद्री म्हणून बाई! सरकार भरवतं आणि तुम्ही बसून खाता. खरा नॉर्वे आम्ही जपलाय, ओडनी. तुम्ही तो सांडून बसलात."

ओडनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बसून खाता? आयुष्यभर बर्फगार पाण्यात हात घालून जिने मासे कापले, तिला हा सांगतोय! पण पाहुणा पडला. तिने ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पणजीच्या, मालेनाच्या कबरीवर फुलं वाहायची होती. चर्चमागच्या हिरवळीत त्याला आणि डार्लिनला नेऊन ओडनी एका काळ्या दगडापाशी थांबली. दगडावर नाव होतं: अरुळप्पन.

"हा कोण?"

"माझ्या शेजारच्या टेबलावर मासे कापायचा. श्रीलंकेतलं युद्ध चुकवून आला होता."

"आणि मालेना?"

"तीही इथेच, खाली. लाकडी क्रूस होता, तो कुजला. मग आमच्या बाबांनी जागा सोडली. इथे तशीच रीत आहे. जुनी जागा नव्या माणसाला देतात."

ऑर्व्हिल लालबुंद झाला. "माझ्या पणजीच्या उरावर एक परका? लाज नाही वाटली तुम्हाला?"

मग मात्र ओडनीचा बांध फुटला.

"लाज? कुणाची लाज काढतोस रे? 'आईला न्यायला येतो' म्हणून तुझा आजोबा गेला, तो गेलाच! दुसऱ्याच्या जमिनीवरची झोपडी, वर्षभराची वेठ, आंधळी झालेली आई, सगळं पेडरच्या गळ्यात. त्याची कुणी गाणी गायली? जाणाऱ्यांचे पुतळे उभे राहिले, राहणाऱ्यांची तोंडंसुद्धा कुणाला आठवत नाहीत. ज्या वेठीला कंटाळून तुम्ही पळालात ना, ती आम्ही इथे राहून मोडली. म्हाताऱ्यांना भाकरी, बाळंतिणीला सुट्टी, आजाऱ्याला इस्पितळ, हे आभाळातून नाही पडलं! आणि तू कोट घालून येतोस नि मला नॉर्वे शिकवतोस?"

"हा परका मात्र तुझा," ऑर्व्हिल पुटपुटला.

"हो, माझाच! बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा हिवाळाभर आमच्या दारातला बर्फ यानंच उपसला. उपाशी, परक्या मुलखात, भाषा येत नाही, असा आला होता. तुझा एलिंग असाच तर उतरला असेल तिकडे! त्याचं नाव तुम्ही तिकडे स्मारकाच्या भिंतीवर कोरता, आणि हा परका?"

 फुलं कुंपणाच्या भिंतीपाशी टाकून ऑर्व्हिल तरातरा फाटकाबाहेर गेला. डार्लिन क्षणभर घुटमळली. मग तिने ती फुलं उचलली, काळ्या दगडापुढे ठेवली आणि मोडक्या नॉर्वेजियनमध्ये विचारलं, "दोघांनाही चालतील ना?"

"चालतील," ओडनी म्हणाली. 

दुपारच्या बोटीने पाहुणे गेले. ऑर्व्हिलने निरोप घेतला नाही आणि ओडनीही धक्क्यावर गेली नाही. "जरा जास्तच बोललीस, आई," लेक म्हणाली.

"कमीच बोलले," ओडनी म्हणाली, आणि पाहुण्यांच्या पलंगावरच्या चादरी ओढून काढू लागली.