साकवाच्या अलीकडे उघडणारा ब्लॉग

मानवी बुद्धी जिथे थांबते तिथून पुढे एक अदृश्य सत्ता सुरू होते, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. आमच्या डिचोलीत तिचं ऑफिस बाजारात पहिल्या मजल्यावर आहे आणि इंटरनेट बंद पडलं की तिथला फोन कोणी उचलत नाही.

याखेरीज दुसरी कुठलीही अदृश्य शक्ती मी कधी मानली नाही. देवळात जातो तो समाराधनेच्या जेवणापुरता. तरीही माझ्या ब्लॉगच्या बाबतीत जे घडलं ते इथे लिहितोय… हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

मी राहतो डिचोलीला. नोकरी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत, पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलला. ब्लॉग बरीच वर्षं लिहितोय. विषय म्हणजे वाचलेली पुस्तकं, उद्घाटनं, सत्कार, शाली, आणि त्या देणारे-घेणारे. नियम सगळे पाळतो. ठरलेल्या वारी पोस्ट टाकायची. परिच्छेद लहान ठेवायचे. फोटो टाकण्याआधी हलका करून घ्यायचा, नाहीतर गावाकडच्या नेटवर पान उघडेपर्यंत वाचणारा म्हातारा होतो. अधूनमधून सगळ्याचा बॅकअप घ्यायचा. आणि प्रतिक्रिया आली की त्याच दिवशी उत्तर द्यायचं. हा शेवटचा नियम मला कधीच जड गेला नाही. टकलावर आणि कर्जावर उपाय सुचवणाऱ्या स्पॅममध्ये टाकल्या की प्रतिक्रिया एकच उरायची.

ती बेळगावच्या सुमतीताईंची. निवृत्त शिक्षिका. कधी भेट नाही, पण प्रत्येक पोस्टखाली न चुकता, ‘छान. लिहीत राहावे.’ लेखक म्हणून माझं जे काही होतं ते तेवढ्यावर उभं होतं, असं म्हणालात तरी चालेल.

दिगू माझा मावसभाऊ. पेडणे तालुक्यात एका गावात राहतो — गावाचं नाव देत नाही, लोक मोबाइल घेऊन तपासायला येतील — आणि पेडणे-म्हापसा मार्गावर खासगी बस चालवतो. त्याला ब्लॉग उघडून दिला तो मीच. एका रविवारी त्याच्या जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, बसून वरचे सगळे नियम समजावले. त्याने एकही पाळला नाही. पहिल्या पोस्टचं शीर्षक ‘आज’. दुसरीचं ‘परत आज’. फोटोत निम्मा स्वतःचा अंगठा. हा फोनशी बोलतो, फोन टाइप करतो, आणि जे उमटेल ते न वाचता टाकून देतो. बसमध्ये कोण चढलं, कोण कंडक्टरशी भांडलं, कोणाच्या पिशवीतून कोंबडा सुटला… बस्स.

आणि तिथे ही रांग! दुबईतून प्रतिक्रिया, पुण्यातून प्रतिक्रिया, मुरगावच्या धक्क्याला लागलेल्या जहाजावरून कोणा खलाशाची प्रतिक्रिया. एक दिवस त्या कोंबड्याच्या पोस्टखाली सुमतीताई दिसल्या. आणि ‘छान’ नव्हे. आपल्या माहेरच्या बसबद्दल, तिच्यात नेलेल्या मांजराबद्दल भरभरून लिहिलेलं. परिच्छेद पाडून.

माझ्या पोस्टखाली त्या आठवड्यात काही नव्हतं. पुढच्याही नाही. मी सेटिंग पुन्हापुन्हा तपासलं. प्रतिक्रिया चालू होत्या.

त्या रविवारी दिगूकडे गेलो आणि अगदी सहज विचारतोय अशा आवाजात विचारलं, “तुझं गुपित काय रे?”

“कसला गुपित? सुरू केलंय तेवाच घुमटीर गाऱ्हाणा घातलंय.”

“ब्लॉगचं गाऱ्हाणं?”

“मगे? बस घेतली तेवा घातलंय, बोअर मारली तेवा घातलंय. ह्याका सोडू?”

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे गावाच्या हद्दीची राखण देवचार करतो. हातात काठी, पायात वहाणा. हद्दीवर त्याची लहानशी घुमटी असते. कुठलंही नवं काम काढलं की तिथे रोट, बिडी आणि काजूची बाटली ठेवतात, आणि गावकार त्याला मोठ्याने सगळं सांगून राखण मागतो. ते गाऱ्हाणं.

“बिडी कुठली ठेवलीस? फिल्टरची?” मी हसलो.

“हास, हास. हासूक तुका कोणीय लागना नाय. वाचूक मात्र लागता.”

आतून त्याची बायको सुलू म्हणाली, “भावोजीनू, तुमच्या ब्लॉगार माणसा कमी आनी बुका जास्त. कोण येतला थंय?”

मी चहा पिऊन निघालो. पुढच्या बुधवारी अर्धी रजा टाकली आणि काजूची बाटली घेऊन त्याच घुमटीवर हजर झालो. दिगू तेव्हा बसवर होता.

आता, हे डिचोलीतच आमच्या वाड्यावर करता आलं असतं. पण तिथला गावकार माझ्या शेजारी राहतो, आणि मी ब्लॉगवर गाऱ्हाण्यांची उडवलेली टिंगल त्याने वाचली नसली तरी त्याच्यापर्यंत पोचली होती. शिवाय दिगूच्या गावचा देवचार म्हणजे रिझल्ट दिलेला.

“कसला घालतंस? दुकान?” आबा गावकाराने विचारलं.

“ब्लॉग.”

“दिगूसारखो?”

“त्याच्यापेक्षा जुना,” मी म्हणालो.

आबांनी डोळे मिटले. “बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान जो काय ब्लॉग केलेलो आसा, तेची राखण कर. कोणाचो वायट डोळो आसात तर हद्दीभायर घाल. हद्दीतला हद्दीत रवांदे, भायरला भायर रवांदे म्हाराजा!”

‘व्हय म्हाराजा’ म्हणायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मीच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात ब्लॉग उघडेना. नुसतं पांढरं पान. घरी उघडेना, बायकोच्या फोनवर उघडेना, कॉम्प्युटरच्या दुकानात उघडेना. आमच्या मेंटेनन्सचा संभाजी कोल्हापूरचा, त्याला दाखवलं.

“माझ्यात पण उघडंना, साहेब. काय हाय काय त्यात असं?”

“तू कधी वाचला नाहीस?”

“आता वाचावं म्हटलं तर उघडंना बघा.”

होस्टिंग कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं की त्यांच्याकडून उघडतोय. माझ्याकडून मात्र आठवडाभर नाही.

रविवारी दिगूकडे गेलो, त्याच्या बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत बसलो, सवयीने बोट लावलं… आणि ब्लॉग उघडला. फोटोंसकट. मला बरं वाटलं. परत निघालो, गावच्या हद्दीवर वहाळ आहे, त्यावरचा साकव ओलांडला आणि पुन्हा बघितलं. पांढरं पान. स्कूटर वळवली, साकवाच्या अलीकडे, गावाच्या बाजूला आलो. उघडला. पलीकडे — पांढरं. फोन तोच, सिम तेच, रेंज दोन्हीकडे पूर्ण. दिगूचा ब्लॉग मात्र दोन्हीकडे धडाधड उघडत होता, अंगठ्यासकट.

मी साकवावर येरझाऱ्या घालतोय हे बघून सायकलवरून पाव विकणारा पोदेर थांबला. “कितें रे बाब, मोबायल उदकांत पडलो?”

नाही म्हटलं. पडला असता तर कारण तरी कळलं असतं.

त्याच आठवड्यात सुमतीताईंची मेल आली. “आपला ब्लॉग उघडत नाही. बंद केलात का?” खरं सांगू? मला आनंद झाला. म्हणजे त्या अजून माझं दार वाजवत होत्या. खाली लिहिलं होतं की दिगूने आग्रह केल्यामुळे जत्रेला त्याच्या गावी येणार आहेत. मी कळवलं, “तिथे उघडेल.” त्यांनी माझ्याबद्दल काय समजून घेतलं असेल ते असो.

जत्रेच्या दिवशी त्या आल्या. बारीक चणीच्या, जाड चष्म्याच्या. जेवण झाल्यावर बलकांवात कदेल ओढून बसल्या आणि माझा ब्लॉग वाचायला लागल्या. दुपारभर. मी पाणी नेऊन दिलं, मग चहा, मग परत पाणी. त्या पानं सरकवत राहिल्या. चेहऱ्यावर काही नाही. अंगणात दिगू कोणाला तरी बसचा पाटा कसा तुटला ते सांगत होता, आणि मधूनच त्या ऐकून हसायच्या. माझं वाचताना.

शेवटी मला राहवेना. “कसं वाटलं?”

त्यांनी चष्मा काढला. “उत्तम लिहिता. पण तुमचं वाचलं की मला लिहायला काही उरतच नाही. सगळं तुम्हीच बोलून झालेलं असतं. मग मी ‘छान’ लिहिते. यांचं वाचलं की मला माझं काहीतरी आठवतं.”

इतकं नेमकं त्यांनी माझ्याबद्दल कधी लिहिलं नव्हतं. आणि बोलल्या त्या दिगूच्या बलकांवात, दिगूच्या कदेलावर बसून.

“आबान माका त्याच दिसा सांगलान,” दिगू मागून म्हणाला. “तू डिचोलीचो, आनी गाऱ्हाणा घातलंस हयसर! आमचो राखणदार आमच्याच हद्दीत राखतलो. भायर कसो जातलो तो? तेचो काय बसचो पास काढलेलो आसा?”

सगळं अंगण हसलं. सुमतीताईसुद्धा.

आबाही अंगणातच होते; त्यांना तिथूनच उठवून घुमटीवर नेलं. सगळी जत्रेची मंडळी मागे. “बा देवा म्हाराजा! जंय मेरेन टॉवर पावता थंय मेरेन ह्येचो ब्लॉग मोकळो सोड म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” या वेळी पुष्कळ आवाज होते, त्यात एक बेळगावचा.

सुमतीताई स्वतः फोन घेऊन साकव ओलांडून गेल्या. पलीकडून हात उंच केला. “उघडला हो!”

“वाचताय?” मी ओरडलो.

“वाचून झालाय की मघाशीच!”

तेव्हापासून ब्लॉग सगळीकडे उघडतो. संभाजी म्हणतो टॉवरचा घोळ असणार. मग दिगूचा ब्लॉग कसा चालत होता, असं विचारलं की तो मशीनला तेल घालायला जातो. मी सर्व्हर, सिम, ब्राउझर, सगळं तपासलं. उत्तर मिळालं नाही, आजही नाही.

होस्टिंग कंपनीने मात्र सविस्तर चौकशी करून तक्रार बंद केली. त्यांनी कळवलंय की त्या काळात कुठलाही बिघाड आढळत नाही, कारण ब्लॉगला येणाऱ्यांची संख्या नेहमीइतकीच होती.