राजीनामा मंजूर!

तुम्ही विषयच काढलात म्हणून सांगतो, नाहीतर हा किस्सा मी बायकोसमोर काढत नाही. आत गेली ना ती? बरं. मग चहा घ्या आणि ऐका. भाषेपायी माणसाची फजिती होते, त्यात काही विशेष नाही. पण एकाच शब्दानं एकाच माणसाला चार दिवसांत दोनदा तोंडावर पाडल्याचं कधी ऐकलंय? नाही ना? तो माणूस तुमच्यासमोर बसलाय.

साल बाहत्तर-त्र्याहत्तर असेल. केंद्र सरकारच्या कृपेनं माझी पुण्याहून चंदीगडला बदली झाली होती. आडनाव गोडबोले. तिकडे त्याचं 'गुडबोले' झालं. आमच्या सेक्टरात एक सेवा सभा होती. तिच्या बैठकीला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळे एकदम बोलत होते आणि मी एकटाच गप्प होतो. दुसरं काय करणार? पंजाबी येत नव्हतं! पण त्यावरून 'ये शरीफ आदमी है' असं ठरलं आणि मी सेक्रेटरी झालो.

सभेची मालमत्ता म्हणजे एक खोली. या एका खोलीतून आम्ही अख्ख्या समाजाची सेवा करत होतो. सकाळी मोफत होमिओपॅथीचा दवाखाना, दुपारी बायकांचा शिवणवर्ग, संध्याकाळी बांधकामावरच्या मजुरांच्या पोरांची शाळा. रविवारी लग्नाला किंवा तेराव्याला सतरंज्या आणि पातेली नेणाऱ्यांची रांग. एकदा घाईत तेराव्याची पातेली लग्नघरी गेली होती, पण ते जाऊ द्या.

दवाखाना चालवायचे आमचे अध्यक्ष, निवृत्त सुभेदार करतारसिंगजी. सहा फूट उंची, पांढरीशुभ्र दाढी आणि आवाज असा की खोकला नुसता ऐकूनच बरा व्हावा. शिवणवर्ग उपाध्यक्ष मल्होत्रा मॅडमचा. या दोघांचं भांडण जुंपलं होतं ते एका बाकावरून. सकाळी त्या बाकावर पेशंट बसायचे, दुपारी शिवणाऱ्या बायका. एके दिवशी एका पेशंटला बसल्या बसल्या इंजेक्शन मिळालं. होमिओपॅथीत! बाकावर सुई राहिली होती. सुभेदार भडकले. त्याच आठवड्यात शिवणवर्गातल्या बायकांनी त्यांच्या गोड गोळ्यांची एक बाटली चहात साखर म्हणून संपवली. झालं! दोघांचं बोलणं बंद. एकाच टेबलाशी बसून ते माझ्यामार्फत बोलायचे.

"गुडबोले जी, मैडम को बोलो, खिड़की बंद करें."

"भाईसाहब, इनसे कहिए, खिड़की इनके हाथ के पास है."

मी उठायचो आणि खिडकी बंद करायचो. समाजसेवा!

तेवढ्यात दोन गोष्टी एकाच आठवड्यात आल्या. सभेनं मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं शिबिर ठरवलं, आणि त्याच आठवड्यात सांगलीला माझ्या मेव्हण्याचं लग्न निघालं. माझी बायको शैला त्याची एकुलती एक थोरली बहीण. शिबिर सोडून सेक्रेटरीनं गावाला जायचं म्हणजे पाप, असं सुभेदारांनी आधीच जाहीर केलेलं.

"अहो, तीन वर्षांत माहेरचं तोंड पाहिलं नाही मी," शैला म्हणाली. "आता भावाच्या लग्नात सगळे विचारणार, जावई कुठे? काय सांगू? खिडकी बंद करायला गेलेत म्हणून?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, बास. पद सोडायचं.

सभेच्या नियमाप्रमाणे सेक्रेटरीला पद सोडायचं तर अध्यक्ष आणि उपाध्यक्ष, दोघांच्या सह्या लागत. मी रात्रभर बसून... नाही, खोटं कशाला बोलू, ऑफिसात बसून, हिंदीत अर्ज लिहिला. वर ठसठशीत अक्षरात शीर्षक घातलं: राजीनामा. बैठकीत उभा राहिलो.

"भाइयों और बहनों, मैं राजीनामा लाया हूं. आप दोनों के दस्तखत चाहिए."

सुभेदार उठले. मला वाटलं, आता ओरडणार. त्यांनी मला मिठीच मारली! माझा चष्मा त्यांच्या खिशातल्या पेनात अडकला.

"ओए, शाबाश! ये काम तो पहले होना चाहिए था!"

मल्होत्रा मॅडमनी कागद घेतला, शीर्षक वाचलं आणि पदराला डोळे पुसले. पुढचं वाचलंच नाही. सुभेदारांना उर्दू आणि गुरुमुखी यायची, नागरीशी त्यांचा संबंध नव्हता. "पढ़ने की क्या जरूरत है? बंदे की नीयत देखो!" म्हणत त्यांनी उर्दूत सही ठोकली. शेजारी मॅडमची सही. मग टाळ्या. मग कुणीतरी धावत जाऊन बर्फी आणली.

खरं सांगू? मला जरा लागलंच. सुटायचं होतं मला, कबूल. पण माणूस चाललाय तर निदान तोंडदेखलं 'अरे, थांबा' तरी म्हणावं की नाही? एवढी दोन वर्षं खिडक्या लावल्या, आणि हे लोक बर्फी वाटतात! त्या आनंदात सुभेदार स्वतः होऊन मॅडमशी बोलले, हे मी पाहिलं. पण मला वाटलं, माझ्या जाण्याच्या आनंदात बोलले.

मी घरी पोचायच्या आत मॅडम आमच्या दारात.

"भाभीजी, मुबारक हो! भाईसाहब ने राजीनामा करा दिया!"

शैलाला एवढाच एक शब्द पुरला. तिनं मॅडमना डबाभर बेसनाचे लाडू दिले. संध्याकाळी ट्रंकेतून शालू बाहेर आला. आमची सहा वर्षांची मुलगी "हम सांगली जा रहे हैं" करत क्वार्टरभर नाचली. शैलानं कित्येक दिवसांनी माझ्याशी हसून बोलत माझ्या ताटात जास्तीची पोळी वाढली. असे तीन दिवस गेले. सुखाचे होते हो!

चौथ्या दिवशी सकाळी दारात सुभेदार उभे.

"सेक्रेटरी साब, चालीस मंजियां आ गई हैं. कित्थे रखनी हैं?"

मंजी म्हणजे खाट. शिबिरातल्या पेशंटांसाठी चाळीस खाटा आल्या होत्या. पण मला खाटांशी काय करायचं होतं?

"सुभेदार साब, मैं सेक्रेटरी कहां हूं? मैंने तो राजीनामा दिया."

"हां जी, दिया! उसी करके तो कैंप हो रहा है! नहीं तो मैडम और मैं इकट्ठे बैठते?"

"राजीनामा मतलब... पद छोड़ना?"

सुभेदारांनी माझ्याकडे पेशंटकडे बघावं तसं बघितलं. "ओ जी, दो पार्टियां थाने-कचहरी में लड़ती हैं, फिर सुलह करके गले मिलती हैं. वो राजीनामा! छोड़ने वाला तो इस्तीफा होता है."

मी मागे वळून बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात शैला उभी होती. हातात शालू.

तिनं शालू घडी करून पुन्हा ट्रंकेत ठेवला. भांडली असती तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी मी नवा कागद घेतला. वर लिहिलं, इस्तीफा. ऑफिसातल्या तीन पंजाबी माणसांकडून शब्द तपासून घेतला. संध्याकाळी बैठक. छातीठोकपणे कागद टेबलावर ठेवला आणि स्वच्छ सांगितलं, "ये इस्तीफा है. राजीनामा नहीं. इस्तीफा!"

सुभेदारांचा चेहरा पडला. दाढीसकट पडला. मॅडम म्हणाल्या, "भाईसाहब, हमसे कोई गलती हुई?" आता मला गहिवरून आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला थांबा म्हणत होतं! डोक्यात सांगली, डोळ्यांपुढे शालू.

सुभेदारांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जड आवाजात म्हणाले, "चल यार, गुस्सा छड्ड. हमारी तरफ से राजीनामा. मंजूर?"

आणि मी... अहो, पस्तीस वर्षांचे मराठी कान एका दिवसात पंजाबी होतात का? 'राजीनामा' आणि 'मंजूर', हे दोन शब्द एकापाठोपाठ ऐकल्यावर मराठी सरकारी नोकराला दुसरं काय सुचणार? सुटलो एकदाचा! मी खुर्चीवरून ताडकन उठलो आणि ओरडलो,

"मंजूर! मंजूर! बहुत बहुत धन्यवाद!"

पुन्हा मिठी. पुन्हा टाळ्या. पुन्हा बर्फी! बर्फी तोंडात असतानाच माझ्या डोक्यात उजेड पडला, पण भरल्या तोंडानं काय बोलणार? मल्होत्रा मॅडमनी माझा इस्तीफा चारपदरी घडी करून शिवणयंत्राच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवला. मशीन एकदम पक्कं उभं राहिलं, एवढाच काय तो त्याचा उपयोग.

शैला गेली सांगलीला, मुलीला घेऊन, पुण्याला निघालेल्या एका मेजरसाहेबांच्या कुटुंबाबरोबर. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. पोचवायला म्हणजे धावतपळत, कारण स्टेशनबाहेर रिक्षात शिबिराच्या रजया ठेवल्या होत्या. गाडी सुटायच्या वेळी मी खिडकीपाशी गेलो आणि म्हटलं, "अगं, रागावू नकोस. तू आलीस की..."

"आले की आपल्यातही एक राजीनामा करायचाय," ती म्हणाली. "मराठीतला की पंजाबीतला, ते लग्नात सगळ्यांना विचारून ठरवते."

आणि खिडकी बंद केली. तिनं स्वतःच.