गुलाबी तालीम

पत्र मी वाचलं, त्यामुळं चूक माझीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको.

आमच्या गावातलं रेशन दुकान बायकांच्या बचत गटाकडं आहे आणि गटाची अध्यक्ष मी. अध्यक्ष म्हणजे गहू-तांदूळ मापायचे, पोती झाडायची आणि बोलणी खायची. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. गटातल्या बाकीच्या बायका माझ्यापेक्षा शिकलेल्या आहेत, पण सरकारी पत्र आलं की त्या सगळ्यांची दुधं एकदम उतू जातात. म्हणून पत्र मी वाचते आणि अर्थही मीच सांगते.

त्या वेळी सीमेवर तणाव होता. आमच्या भागात घरटी एखादा पोरगा फौजेत, त्यामुळं माणसं दिवसभर टीव्हीपुढं. अशात पत्र आलं. राष्ट्रीय आणीबाणीच्या परिस्थितीत अन्नधान्य पुरवठा व वितरण सुरळीत राहावे, यासाठी येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता आपल्या गावी रंगीत तालीम घेण्यात येईल. खाली आणखी एक ओळ होती. रंगीत तालीम समाधानकारक न आढळल्यास आपले दुकान शेजारील गावाच्या दुकानास जोडण्यात येईल.

ही खालची ओळ मी दोनदा वाचली. आमच्याकडं कार्डं कमी, त्यामुळं दुकान हलवायला वरच्यांना निमित्तच हवं होतं. शेजारचं गाव ओढा ओलांडून टेकाडावर आहे. माझी थोरली जाऊ गुडघ्यांनी अधू. तिला देवळापर्यंत जायला दोनदा बसावं लागतं. ती काय टेकाड चढून धान्य आणणार? तिच्यासारख्या गावात पंधरा-वीस जणी आहेत. आणि त्यांचं धान्य आणायला शेवटी कुणाला जावं लागलं असतं? मलाच.

आता आमच्या गावात तालीम एकच. मारुतीच्या देवळामागं, दोन हात जाड भिंतींची. पोरं तिथं कुस्त्या खेळतात. मी अर्थ सांगितला, "लढाई पेटली तर सरकार धान्य ठेवायला आपली तालीम घेणार हाय. आन ती रंगीत पायजे."

माझा धाकटा दीर फौजेतून हवालदार होऊन परत आलेला. त्याला विचारलं, तर तो छाती काढून म्हणाला, "बरोबर हाय वैनी. आमच्याकडं बी गोदामाला रंग असतोय. लांबनं वळकाय येतंय."

"आन शत्रूला वळकाय आलं तर?"

"ते वरची लोकं बघत्यात."

सरपंचबाईंनी तालुक्याला फोन लावला. तिकडनं उत्तर आलं, "पत्रात लिहिलंय तसं करा." मग काय राहिलं?

राहिला वस्ताद. तालमीचा वस्ताद म्हणजे सत्तरीचा, कान मोडलेला, हट्टी माणूस. तो म्हणाला, "तालमीला गेरूशिवाय रंग लागायचा न्हाई." सरपंचबाईंकडं पोरीच्या लग्नातला ऑइल पेंट शिल्लक होता. फुकटचा, पण गुलाबी. वस्ताद दोन दिवस दारात आडवा बसला.

"गुलाबी? पैलवान आत घुमायचं का नाचायचं?"

"रेशन गेलं तर दोनी बंद हुतील," मी म्हणाले.

"आन बायका आत येणार? कुस्तीच्या हौद्यापाशी? जमायचं न्हाई."

"बायकांनी काढलेलं दूध पैलवान पित्यात, ते जमतंय. बाया तेवढ्या जमत न्हाईत व्हय रं? विचार मारुतीला."

त्यानं मारुतीला विचारलं की बायकोला, मला ठाऊक नाही, पण बुधवारी संध्याकाळी तो बाजूला झाला. पोरांनी दिवेलागणीपर्यंत भिंती, खिडक्या, चौकट सगळं गुलाबी करून टाकलं. ढगाळ हवा, वर थंडी. ऑइल पेंट काही वाळेना. सकाळी बोट लावलं तर बोट गुलाबी.

दहा वाजता तालुक्याहून पुरवठा निरीक्षक आले. हातात पुठ्ठा, गळ्यात शिट्टी. बारीक माणूस, पण आवाज खणखणीत.

"रंगीत तालीम कुठं घ्यायची?" त्यांनी विचारलं.

"ही काय, तयार हाय."

त्यांनी तालीम बघितली. मग म्हणाले, "म्हणजे पर्यायी जागा तुम्ही आधीच ठरवून ठेवलीत? शाब्बास." त्यांनी पुठ्ठ्यावर काहीतरी लिहिलं. मला बरं वाटलं.

मग त्यांनी शिट्टी वाजवली. "समजा, युद्ध सुरू झालंय."

"कवा?" मागून कुणीतरी ओरडलं. दोघी-तिघी घराकडं पळायला लागल्या.

"समजा म्हटलं मी! समजा, तुमचं दुकान पडलंय."

"का म्हणून पडंल?" मला राग आला. "आत्ता कुटं स्लॅब टाकलाय."

"आजी, समजा! समजा वीज नाही, अंगठ्याचं मशीन बंद आहे. आता इथून सगळ्यांना धान्य वाटून दाखवा."

तेवढ्यात दीर माझ्या कानाशी आला. तोंड पडलेलं. "वैनी, हे मॉकड्रिल हाय."

"म्हंजी?"

"खोटं खोटं करून बघायचं. फौजेत लय केलंय. त्यालाच हे मराठीत रंगीत तालीम म्हणत असत्याल."

"मग दोन दिस छाती काढून काय सांगत हुतास?"

"मला काय म्हाईत? आमी मॉकड्रिलच म्हणायचो."

माझे कान तापले. पण उभं राहून उपयोग नव्हता. महिन्याचं धान्य दुकानात आलेलंच होतं. वस्तादानं पोरांना हाक मारली आणि पैलवानांनी पोती पाठीवर घेऊन तालमीत आणली. जे काम आम्ही बायका दुपारपर्यंत करतो, ते त्यांनी चहा उकळायच्या आत केलं. वजनकाटा हौद्याच्या कडेला मांडला. वस्ताद हौद्यापुढं हात पसरून उभा, कुणाचा पाय मातीत पडू नये म्हणून.

निरीक्षक म्हणाले, "वृद्धांची रांग वेगळी करा."

वेगळी रांग झाली आणि तिच्यात कुणीच उभं राहीना. जावेला म्हटलं, "आक्का, तुमी तिकडं जावा."

"तू कुटं हाईस?"

"मी मापाय बसलीया."

"मग मी बी हितंच. माझ्यापरीस दोन वर्सांनी ल्हान, तर तू काय पोर हाईस व्हय?"

शेवटी निरीक्षकांनी "वृद्ध" शब्द खोडून "मान्यवर" असा पुकारा केला, तेव्हा ती रांग बाहेरच्या पारापर्यंत गेली. त्यात चाळिशीचे पुरुषही होते.

तालमीचं दार बुटकं आणि अरुंद आहे. आत जाताना वाकावं लागतं आणि एक खांदा चौकटीला घासल्याशिवाय राहत नाही. त्यामुळं जो आत जाऊन आला, त्याचा खांदा गुलाबी. पांढरी टोपी असेल तर टोपीही. बायका पदर बघून मला शिव्या देत होत्या. मी मापत होते.

अर्ध्यावर निरीक्षकांनी मला गाठलं. "आजी, मशीन बंद आहे. एकच माणूस दुसऱ्यांदा आला तर तुम्हाला कसं कळणार? इथंच बरीच गावं नापास झालीत."

दुकान गेलं असं मी मनात धरलं. तोच दारात गलका झाला. एका पैलवानानं कुणाला तरी बखोटीला धरलं होतं. "हा परत आलाय! खांदा बघा ह्याचा!"

बघते तर माझा दीर. हातात दुसरी पिशवी, उजवा खांदा गुलाबी.

"मी तपासत हुतो," दीर म्हणाला.

"पिशवी घिऊन?" पैलवान म्हणाला. सगळी रांग हसली.

निरीक्षकांचे डोळे चमकले. त्यांनी रांगेतून फिरून एकेकाचा खांदा बघितला आणि पुठ्ठ्यावर लांबलचक लिहिलं. मग मोठ्यानं वाचलं, "मशीन बंद असताना लाभार्थी ओळखण्यासाठी ग्रामस्थांनी रंगाची खूण करण्याची अभिनव पद्धत राबवली."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सरपंचबाईंनी मला डोळ्यानं दाबलं. पण खोटं मला पचत नाही. पचलं असतं तर रेशन दुकान इतकी वर्षं सरळ चाललं नसतं.

"साहेब, ती खूण न्हाई. रंग वाळला न्हाई, येवढंच. रंगीत तालीम म्हंजी तालमीला रंग, असं मी वाचलं. चौथी शिकलीया मी."

निरीक्षकांनी माझ्याकडं बघितलं, तालमीकडं बघितलं, मग स्वतःच्या बाहीकडं. ती कोपरापर्यंत गुलाबी होती. सरपंचबाईंनी डोळे मिटून घेतले.

"आजी," ते हळूच म्हणाले, "पेननं लिहिलंय हो. अहवालात खाडाखोड चालत नाही."

आणि त्यांनी खाली सही केली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. दुकान आहे त्याच ठिकाणी चालू ठेवण्यास हरकत नाही. ते मी वाचलं, पण कुणाला अर्थ सांगितला नाही. शाळेतल्या बाईंकडं नेलं. मग सरपंचबाईंकडं. तिघींनीही तेच वाचलं, तेव्हा मी दुकानाचं कुलूप काढलं.

पुढच्या महिन्यात सगळ्यात आधी जाऊच आली. दोनदा बसत बसत आली, धान्य घेऊन पायरीवर टेकली आणि पिशवीत हात घालून तांदूळ चाळवायला लागली.

"ह्यात तुकडाच लय हाय गं," ती म्हणाली. "त्या टेकाडावरच्या दुकानात अख्खा तांदूळ मिळतोय म्हणं."