बसलेला उंट

आमच्या आतोबांइतका वाट पाहणारा माणूस साऱ्या सोलापुरात झाला नसेल. ते शाळेत चित्रकला शिकवत. मंगळवारच्या बाजारात भाव उतरेपर्यंत ते भाजीवाल्यांसमोर शांतपणे उभे राहत आणि दिवस कलल्यावर विजयी मुद्रेने वांगी घेऊन घरी येत. आत्या पिशवी उघडून म्हणे, "भाव उतरला खरा, पण वांगीही उतरलीत." आतोबांना त्यात हसण्यासारखे काही दिसत नसे. चहा निवल्याशिवाय ते पीत नसत आणि न्हाव्याकडे आपला नंबर आला तरी घाईतल्या माणसाला पुढे पाठवत.

या स्वभावाचे खरे क्षेत्र मात्र शेअरबाजार होते. बार्शीकडच्या एका कापसाच्या जिनिंग कंपनीचे शेअर काही आण्यांना मिळत होते आणि लोक ते रद्दीच्या मोलाचे मानत. आतोबांनी ते घेतले. मुंबईचे वर्तमानपत्र मेलगाडीने आले की ते भाव पाहत आणि चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने टिंब देऊन रेघ पुढे नेत. कागदाला कागद चिकटवत ती रेघ माजघराच्या भिंतीवर कोपऱ्यापर्यंत गेली होती. मी एकदा विचारले, तेव्हा शिकवण्याच्या सुरात म्हणाले, "हा बसलेला उंट आहे. खाली जातो तो दर वेळी थोडा वरच थांबतो, बघ. उठताना उंट आधी मागचे पाय उचलतो. वर बसलेला पुढे कोसळतो, आणि नेमका तेव्हाच लोक उतरून पळतात."

शेजारच्या गल्लीतल्या नरसम्माने हे कुठूनसे ऐकले. ती विणकराची विधवा. नवऱ्यामागे दुसऱ्याच्या मागावर राबत होती आणि स्वतःचा माग घ्यायचा एवढाच तिला ध्यास होता. कानातल्या कुड्या मोडून ती आली. "मास्तर, तुमचं जितं हाय तितं माजं बी ठेवा."

आतोबांनी तिला पुष्कळ परतवले. पैसे बुडतील म्हणाले. ती ओट्यावरून उठली नाही. शेवटी त्यांनी तिच्या नावाने शेअर घेतले, आणि त्या दिवसापासून त्यांचे जेवण कमी झाले.

पुढे भाव एकदम कोसळला. नरसम्मा माजघराच्या दारात येऊन उभी राहिली. "पडला म्हनतेत लोक."

"पडला आहे," आतोबा म्हणाले. "मी माझे विकत नाही. तुमचे हवे तर विकतो."

ती भिंतीवरच्या रेघेकडे पाहत राहिली. तिला त्यातले काही कळत नव्हते. मग आतोबांच्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "तुमी थांबताव तर मी बी थांबते की."

काही महिन्यांनी एक मोठी गिरणी ही कंपनी विकत घेणार अशी बातमी उठली आणि भाव चढू लागला. आतोबांनी आणखी थोडी वाट पाहिली. रेघ कागदाच्या वरच्या कडेला टेकली, तेव्हा त्यांनी शाळेतून रजा घेऊन मुंबईच्या दलालाला तार केली. उलट तार आली. भाव होता, पण घेणारे फार थोडे होते. दोघांचे मिळून जेवढे शेअर होते, त्यांतले निम्मेच खपणार होते. कोणाचे विकायचे ते लगेच कळवा, असे दलालाने लिहिले होते. आतोबांनी तारघरातच उत्तर लिहून दिले.

ते घरी आले तेव्हा मी तिथेच होतो. आत्याने विचारले, "विकले?"

"विकले."

"आपले?"

"तिचे."

आत्याने पान वाढले आणि त्यांच्याजवळ बसून राहिली. आठवड्याभरात गिरणीची बातमी पोकळ ठरली. भाव आला तसा गेला आणि पुढे कंपनीच मोडली. नरसम्माच्या घरात तोवर माग उभा राहिला होता. आतोबांचे शेअर का राहिले, हे त्यांनी तिला कधी कळू दिले नाही. आत्यानेही नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी आम्ही सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसलो होतो. आतोबा थकले होते. मी विचारले, "त्या शेअरांचं वाईट वाटतं का कधी?"

ते पाण्याकडे पाहत हळूच म्हणाले, "चित्र बरोबर आलं होतं रे."

अंधारून आले तसे आम्ही उठलो. चढावर त्यांना धाप लागली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि घर येईपर्यंत तो काढला नाही.