वाळ्यांचं वजन

न्यूझीलंडमधल्या आमच्या रोटोटुनातल्या दाट धुक्यातून एक नर्स दर मंगळवारी आमच्या बाळाचं वजन करायला यायची. काटा गार लागू नये म्हणून आधी त्यावर स्वतःचे तळवे टेकवून बसायची. मी पाजायला घेतलं की डोळे मिटून बाळाचे घोट ऐकायची आणि दर घोटाला गुडघ्यावर बोट टेकवायची. बोट थांबलं की हळूच सांगायची, "आता दुसऱ्या बाजूला घे." मनासारखं झालं की इथल्या बोलीत म्हणायची, "स्वीट ॲज," म्हणजे झकास. मला ते सगळं अर्धवट झोपेतच ऐकू यायचं.

वजन काही केल्या भराभर वाढेना. एका मंगळवारी मी बाळाच्या पायांतले चांदीचे वाळे मुद्दाम काढलेच नाहीत. तिनं पाहिलं, आकडा लिहिला. "स्वीट ॲज" मात्र म्हणाली नाही.

आठवडाभर मला माझीच लाज वाटत राहिली. पुढच्या वेळी वाळे काढून ठेवले, तर काट्यावर पुन्हा तोच आकडा! मला रडूच फुटलं.

"रडतेस काय? वाढलंय की," असं म्हणत तिनं वही माझ्यापुढे धरली. मागच्या मंगळवारच्या आकड्याशेजारी तिनं पेनानं दोन इवलेसे वाळे काढले होते.