दिशाभूल सरांची शिट्टी

मुलं तोंडावर त्यांना सर म्हणत आणि पाठीमागे 'दिशाभूल सर'. हे नाव त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. एकोणीस वर्षं ते अकरावीला भूगोल शिकवायला डोंगरावर नेत होते. फळ्यावरच्या रेघांनी पोरांच्या डोक्यात काडीचा उजेड पडत नाही, डोंगर पायांनीच शिकावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. तिघांचा एक गट, गटाकडे सरांनी हाताने काढलेला नकाशा, आणि सर स्वतः कुठेतरी झुडपाआड बसून मुद्दाम भलतीकडून शिट्टी वाजवणार. जो गट शिट्टीकडे धावला तो नापास. मी बोलावलं तरी यायचं नाही, नकाशा सांगेल तेच खरं, हे त्यांनी प्रत्येक तुकडीच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. घरी औषधाचं दुकान कुठेय म्हणून विचारलं तरी हे उत्तर-दक्षिण सांगतात, अशी बायकोची तक्रार होती.

दरवर्षी आधी एकटे जाऊन ते सगळी वाट चालून बघत. यंदा गुडघा कुरकुरत होता. वाट काय, तोंडपाठ आहे, म्हणत त्यांनी जुन्याच नकाशाच्या प्रती काढल्या.

दुपारी दोन गट तळावर पोचले. तिसरा गट, तीन मुली, अजून कड्यालगतच्या वाटेवर होता. धुकं उतरलं होतं, पण धुक्यातून वाट काढणं हाच तर धडा. सर निवांत चहा पीत होते, तेवढ्यात वनरक्षक आला आणि सहज बोलून गेला की कड्याची वाट गेल्या महिन्यात कोसळली, वळणापुढे आता काहीच उरलेलं नाही.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. वनरक्षक दोर आणायला चौकीकडे धावला. दोन्ही गटांना जागेवरच बसायला सांगून सर गुडघा ओढत चढ चढू लागले. छाती फुटेस्तोवर त्यांनी शिट्टी वाजवली आणि कान देऊन ऐकलं. कोणी फिरकलं नाही. पुन्हा वाजवली. तेव्हा वरून, धुक्यातून, हसण्याचा आवाज आला.

"थांबा! पुढे वाट नाहीये," ते ओरडले.

"सर, आम्ही फसणार नाही," गटाची म्होरकी म्हणाली. "नकाशात वाट आहे."

पावलं पुढे निघाली. सरांनी शपथ घातली, रागावून पाहिलं, पण हे सगळं त्यांचं पूर्वीच्या परीक्षांत वापरून झालं होतं. आता काय म्हटलं की पोरी विश्वास ठेवतील, हे त्यांना काही केल्या सुचेना. आपण इतकं चांगलं का शिकवलं, असं वाटून ते खडकावर कोसळले आणि लहान मुलासारखे रडू लागले.

"बाळांनो, नकाशा जुना आहे, यंदा वाट न बघताच दिलाय मी. मी चुकलो गं. मी चुकलो."

पावलं थांबली. हे वाक्य सरांच्या तोंडून कोणीच कधी ऐकलं नव्हतं. बऱ्याच वेळाने धुक्यातून एक बाहेर आली, मग दुसरी, मग म्होरकी. सरांनी तिघींच्या डोक्याला हात लावून मोजलं आणि परत मोजलं.

म्होरकीचा चेहरा पडला होता. नकाशाची घडी घालत ती हळूच म्हणाली, "आलो ना आम्ही परत. म्हणजे आता नापास का, सर?"