बॉनेटची कडी

नाना गेला त्याच्या आधीच्या आठवड्यात मी लोणखेड्याला माहेरी होते. निघताना त्याने नेहमीसारखा लोणच्याचा पितळी डबा हातात दिला. म्हसावदला सासरी पोचेपर्यंत तेलाने माझं लुगडं भिजलं. फिरकीचं झाकण सैल राहिलं होतं... नानाच्या हातातला जोर ओसरला, हे मी तेव्हाच ओळखलं. माझ्या या थोरल्या भावाने लावलेलं झाकण उघडायला आमच्या घरी दोन माणसं लागायची. पुढे तो गेल्याचा निरोप आला तेव्हा मी रडले, पण दचकले नाही.

त्याची ही आवळायची खोड मोटारीपासूनची. शहाद्याच्या एका वकिलाकडून त्याने जुनी मोटार घेतली होती. बॉनेटचे दोन्ही बाजूंचे पत्रे खाली कड्यांनी अडकवायचे, आणि कड्या आवळायला आटे होते. धावत्या गाडीचं बॉनेट उघडलं तर समोरचं काही दिसत नाही, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं. झालं. निघताना एक पीळ, वाटेत उतरून आणखी एक. बॉनेटच्या काठाखालची सुताची जाड पट्टी तेलाने काळी झाली म्हणून त्याने आधीच उपटून टाकली होती. आता पत्र्यावर पत्रा खडखडला, की याला वाटायचं कडीच सैल आहे.

पहिल्या बाळंतपणाला मला न्यायला तो आला. अर्ध्या वाटेत, दिवस भरायच्या आधीच, मला कळा सुरू झाल्या. नानाने गाडी थांबवली आणि उतरून कडी आवळू लागला.

"नाना, आते नको आवळू. चाल लवकर."

"उघडी गयं तं? तुले काई व्हई गयं तं?"

थोडं पुढे गेलो आणि कडीभोवतीचा पत्रा टरकन फाटून वर उडाला, काचेवर आपटला. नानाने डोक्याचा रुमाल सोडून तो पत्रा बांधला आणि बैलगाडीच्या चालीने घर गाठलं. मूल वाटेतच होईल आणि हाती लागणार नाही, या धास्तीने मी मागे दातओठ आवळून पडले होते. पोर जगलं.

काही दिवसांनी नाना खोलीच्या दाराशी येऊन बसला. बाळाकडे बघेना. "मीच आवळी आवळी फाडं ते," म्हणाला. पट्टी गेल्यापासून रस्त्याचा सगळा हादरा कडीच्या रिव्हेटांवर येत होता, आणि ताणलेल्या पत्र्याला हलायला जागाच उरली नव्हती. रिव्हेटाच्या भोकापासून निघालेली बारीक चीर त्याला आधी दिसली होती. ती बघूनच तो अजून आवळत गेला... त्याने ठिगळ मारून घेतलं, काठाखाली घोंगडीची पट्टी बसवली. पण कळलं तरी हात ऐकेना. कडीवरून तो घरातल्या डब्यांवर आला, इतकंच.

मोटार आता माझ्या त्याच मुलाकडे आली आहे. परवा तो बायकोला पहिल्या बाळंतपणासाठी तिच्या माहेरी पोचवायला निघाला. मी बॉनेटपाशी गेले. नानाची घोंगडीची पट्टी जागेवर होती, कडी नीट लागलेली होती. तरी माझा हात आट्यावर गेला.

"माय, सोड ना आते," मुलगा म्हणाला.

सोडला. गाडी वळणाआड गेली तरी माझी मूठ काही उघडली नाही.